‘मला काय येतंय?’ ते ‘मला एवढं येतं!’



खारघरमधल्या एका गावगटात मी ‘नोकरीची तयारी’ हा वर्ग पहिल्यांदा घेतला, त्या दिवसाची गोष्ट. समाजमंदिरात सतरंजीवर गोल करून बसलो होतो. मी एकेकीला विचारत गेले, “ताई, तुम्हाला काय काय येतं?” पहिल्या तीन-चार जणी नुसत्या हसल्या. पाचव्या ताई म्हणाल्या, “मला काय येतंय गो बाय? घरीच असते मी.”

या ताई सहा वर्षं गटाच्या सचिव आहेत. इतिवृत्त त्या लिहितात. अंतर्गत कर्जाचं व्याज तोंडी काढतात. हप्ता थकवलेल्या एका सभासदाच्या घरी दोनदा जाऊन, भांडण न करता, त्यांनी पैसे वसूल केलेत. पुतणीच्या साखरपुड्याला दीडशे माणसांचं जेवण त्यांच्या देखरेखीखाली झालं, तांदळाच्या भाकऱ्यांसकट. आणि यांना म्हणे काही येत नाही!

त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. काम न मिळण्याचं कारण दर वेळी ‘येत नाही’ हे नसतं. पुष्कळदा जे येतं ते सांगता येत नाही आणि समोरच्याला जे विचारायचं ते विचारता येत नाही, म्हणून आपण मागे राहतो. या दोन गोष्टी शिकता येतात, अगदी चाळिशी-पन्नाशीतही. कशा, ते या लेखात सांगते, म्हणजे तुमच्या गटातही असा वर्ग घेता येईल.

खारघरला हे कशाला हवं?

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आपल्या सासूबाईंना, आजेसासूबाईंना ‘तुम्हाला काय येतं’ असं कुणी विचारलं नव्हतं. लावणी, कापणी, मासळी, मिठागर ही कामं घराच्या उंबऱ्याला लागूनच होती. शेत गेलं तसं बाईचं काम गेलं. मोबदल्याची, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची चर्चा झाली. पण शेतातल्या बाईच्या हातचं काम गेलं त्याची नोंद कुठल्या कागदावर फारशी दिसत नाही.

आज ओवे, पेठ, मुर्बी, कोपरा, बेलपाडा या गावांच्या चहूबाजूंनी टॉवर उभे आहेत. सोसायट्या, शाळा-कॉलेजं, हॉटेलं, दवाखाने आहेत. टाटा मेमोरियल सेंटरचं कर्करोग संशोधन आणि उपचाराचं केंद्र आहे. पलीकडे तळोजा एमआयडीसी. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते आहे. डोंगरावरच्या चाफेवाडी, फणसवाडीतूनही बाया खाली कामाला येतात, आणि मराठवाडा-विदर्भातून आलेल्या कितीतरी जणी इथंच राहिल्या आहेत.

थोडक्यात, काम घराच्या जवळ आलंय. पण त्या कामाच्या गेटवर विचारतात: अनुभव काय? आधार-पॅन आहे का? बँक खातं लिंक आहे का? शिफ्ट जमेल का? बायोडाटा आणलाय का? या पाच प्रश्नांपाशी आपली बाई अडते आणि परत फिरते. मग ठेकेदार म्हणेल त्या पगारावर, म्हणेल त्या अटीवर जाते. नुकसान इथंच होतं.

कौशल्यं दोन प्रकारची

एक म्हणजे हातातलं काम: शिवण, स्वयंपाक, ब्युटी पार्लर, रुग्णाची सेवा, संगणक. याचे वर्ग सगळीकडे असतात.

दुसरी म्हणजे त्या कामापर्यंत नेणारी आणि तिथं टिकवणारी कौशल्यं: स्वतःबद्दल चार वाक्यं नीट बोलणं, वेळ पाळणं, हिशोब, फोन वापरणं, फॉर्म समजून घेणं, चार अनोळखी लोकांबरोबर काम करणं, अडचण वेळेत सांगणं, नको त्याला ‘नाही’ म्हणणं. इंग्रजीत याला ‘एम्प्लॉयबिलिटी स्किल्स’ म्हणतात. आपण ‘कामाची तयारी’ म्हणू.

पहिल्या प्रकारचं प्रमाणपत्र घरात फ्रेम करून लावलेलं असतं आणि बाई घरीच असते, असं आपण किती ठिकाणी पाहतो! कारण दुसऱ्या प्रकारचं शिक्षण कुणी दिलेलंच नसतं.

माझी चूक आधी सांगते

कॉलेजातून नवीन नवीन आले होते. पहिला वर्ग मी प्रोजेक्टर लावून घेतला. ‘मुलाखतीची सात सूत्रं’ असं काहीतरी होतं. पहिल्या दिवशी अठरा जणी आल्या, तिसऱ्या दिवशी सात. मला वाटलं, बायकांना आवड नाही. सहयोगिनी ताईंनी सुनावलं, “आवड नाही म्हणू नका, विचारा.”

घरोघरी जाऊन विचारलं तेव्हा कळलं. वर्ग दुपारी चारचा ठेवला होता, तेव्हाच पोरं शाळेतून येतात आणि पाणीही तेव्हाच येतं. दुसरं कारण जास्त लागलं. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांसमोर फॉर्म वाचायला लावला होता. एक ताई म्हणाल्या होत्या, “चष्मा विसरले.” त्या पुन्हा आल्याच नाहीत. त्यांना चष्मा लागतच नाही. त्यांना वाचता येत नव्हतं आणि ते चारचौघींत उघडं पडू द्यायचं नव्हतं.

लहान मूल चुकलं तर सगळे हसतात आणि विसरतात. मोठ्या बाईचं तसं नसतं. तिची सून, तिची शेजारीण त्याच सतरंजीवर बसलेली असते. म्हणून आता आमचे नियम ठरलेत:

- वेळ बाया ठरवतात. आमच्याकडे दुपारी दोन ते साडेतीन जमली.
- मोठ्यानं वाचायची, फळ्यावर लिहायची सक्ती कुणालाच नाही. चित्र, नाणी, खरी कागदपत्रं, खरा फोन यांवर शिकायचं.
- दोघी-दोघींची जोडी. जिला वाचता येतं तिच्याबरोबर जिला हिशोब पक्का येतो ती.
- आज शिकलेलं उद्या वापरता आलं पाहिजे. नाहीतर तो विषय घ्यायचाच नाही.
- लहान मुलांना आणलं तरी चालेल. एक जण त्यांच्याकडे बघेल, पाळीपाळीनं.

दुसऱ्या खेपेला मी त्या चष्म्याच्या ताईंच्या घरी चहा प्यायला गेले आणि फक्त म्हणाले, “ताई, वाचायचं काम नाही, हिशोब शिकवायला या.” त्या आल्या.

हे आपल्याकडे नवीन नाही

मोठ्यांना कामाचं शिक्षण देण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभं केलं, तिथं मोठ्या वयाच्या, संसारी आणि विधवा बायका शिकायला येत. मुंबईत वरळीला १९६७ मध्ये कामगारांसाठी देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ सुरू झालं. त्याच योजनेला २००० पासून ‘जन शिक्षण संस्थान’ म्हणतात, आणि आपल्या रायगड जिल्ह्यातही असं संस्थान आहे. गिरणी कामगारांना खानावळीचे डबे देणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं. रोज डझनभर माणसांना जेवू घालणाऱ्या त्या बायकांचं काम ‘घरकाम’ म्हणून धरलं जायचं. ते धंदा म्हणून मोजलं गेलं तेव्हा बँकेचं कर्ज मिळालं. आपल्या शेजारी वाशीतही अन्नपूर्णाचं काम आहे.

मला सगळ्यात आवडते ती सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट. तिथल्या बायकांनी चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण बऱ्याच प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. बाया रडत बसल्या नाहीत. दिवसभर काम करून लिहाय-वाचायला शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. तिथं त्यांनी उलट सांगितलं की, आम्हाला लिहिता येत नव्हतं, पण हिशोब येतो. कुठलीही मुद्दल सांगा, व्याज काढून दाखवतो, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे त्याच संस्थेनं बायकांसाठी उद्योगाची शाळा काढली आणि ती बसमध्ये घालून गावोगाव नेली.

यात बघा, दोन्ही गोष्टी आहेत. जे येत नव्हतं ते त्या शिकल्या. जे आधीपासून येत होतं ते ठासून सांगितलं. आपला वर्गही असाच असला पाहिजे.

वर्गात आम्ही काय करतो?

१. दिवसाचा कागद. पहाटे उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलं ते सांगायचं, जोडीदारीण लिहिते किंवा चित्र काढते. मग प्रत्येक कामासमोर त्याचं ‘कामाच्या भाषेतलं’ नाव टाकायचं. गटाची वही ठेवते: हिशोब आणि नोंदी. सासऱ्यांची औषधं वेळेवर देते: रुग्णाची काळजी. दीडशे माणसांचं जेवण: सामानाचा अंदाज, खरेदी, माणसं वाटून घेणं. थकलेला हप्ता आणला: वसुली आणि बोलणी. कागद भरला की बाया स्वतःच त्याच्याकडे बघत राहतात.

२. चार वाक्यांची ओळख. नाव, कुठं राहते, काय येतं, त्याचा एक पुरावा. ‘मी गृहिणी आहे, काही पण काम चालेल’ हे वाक्य आम्ही बंद केलंय. त्याऐवजी असं: “मी ओवे गावात राहते. सहा वर्षं बचत गटाचा हिशोब लिहिते, दर महिन्याला बँकेत भरणा करते. शंभर-दीडशे माणसांचा स्वयंपाक सांभाळला आहे. सकाळी आठ ते चार मला जमेल.” पाठ करायचं नाही. आधी जोडीदारणीला, मग चौघींना, मग सगळ्यांना सांगायचं. तिसऱ्या वेळी आवाज मोकळा होतो.

३. खोटी मुलाखत. एक जण सुपरवायझर होते. आमच्याकडे एक ताई हा पार्ट असा करतात की सगळ्या पोट धरून हसतात. पण नियम एक: शेवटी कामाला आलेल्या बाईनं निदान तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. पगार हातात किती येणार? आठवड्याची सुट्टी कधी? जास्त तास थांबले तर त्याचे पैसे कसे? पीएफ, ईएसआय आहे का? बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? सुरुवातीला बायांना वाटायचं, विचारलं तर काम जाईल. प्रश्न नम्रपणे आणि आधी विचारला तर पुढचं भांडण वाचतं, हे सरावानंच पटतं.

४. वाट पाहून येणं. आम्ही सगळ्या मिळून एकदा मेट्रोनं पेंधरपर्यंत जाऊन आलो. तिकीट प्रत्येकीनं स्वतः काढायचं, स्टेशनांची नावं वाचायची किंवा ऐकून ओळखायची. अकराच स्टेशनं आहेत. एक ताई म्हणाल्या, “घरासमोरून जाते रोज, पण बसायला भीती वाटायची.” मुलाखतीच्या दिवशी वाट शोधत बसण्यापेक्षा आदल्या दिवशी जागा बघून यावी.

५. फोन. नंबर सेव्ह करणं, लोकेशन पाठवणं, कागदाचा सरळ आणि स्पष्ट फोटो काढणं, मिस्ड कॉल आला तर परत फोन करून नाव सांगणं. यूपीआयचं एक सूत्र सगळ्यांच्या तोंडी बसवलंय: पिन टाकतात तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच नाही. ओटीपी कुणाला सांगायचा नाही.

पगाराचा हिशोब

हा भाग आम्ही दोन दिवस घेतो, कारण इथं खरं नुकसान होतं. ‘बारा हजार देतो’ म्हणजे हातात किती? आकडा सोपा म्हणून बाराच हजार घेते आणि सगळा मूळ पगार धरते.

पगार: १२,००० रुपये
पीएफ १२ टक्के: १,४४० रुपये
ईएसआय पाऊण टक्का (०.७५): ९० रुपये
हातात: १०,४७० रुपये
रिक्षा-बस रोजचे ४० रुपये, २६ दिवस: १,०४० रुपये
घरात खरे आलेले: ९,४३० रुपये

व्यवसाय कर मध्ये धरला नाही, कारण महाराष्ट्रात बाईचा पगार महिना २५,००० रुपयांपर्यंत असेल तर तो कापत नाहीत. कापला असेल तर विचारा.

कापलेले पैसे वाया जात नाहीत, हे लक्षात ठेवा. २० किंवा जास्त कामगार असतील तिथं पीएफ लागू होतो. मालकालाही आपल्या नावानं १२ टक्के भरावे लागतात, त्यातला मोठा भाग पेन्शनमध्ये जातो. ईएसआय लागू असलेल्या ठिकाणी, पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर मालक सव्वातीन टक्के (३.२५) भरतो. त्यातून आपल्याला आणि घरच्यांना उपचार मिळतात, आणि अटी पूर्ण झाल्या तर आजारपणाचे पैसे आणि २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजाही.

पण पैसे कापले म्हणजे भरले असं नाही! आमच्या वर्गात एक ताई दोन वर्षं एका ठेकेदाराकडे साफसफाईचं काम करत होत्या. दर महिन्याला पीएफ कापला जायचा. त्यांच्याकडे बारा आकडी यूएएन नंबर होता, पण तो कशाला असतो ते ठाऊक नव्हतं. वर्गात उमंग ॲपवर पासबुक उघडलं तर फक्त तीन महिन्यांचे पैसे जमा होते. ताई कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “माझ्या पोरीची फी होती ती.” पगाराच्या पावत्या गोळा करून आपण तक्रार दिली आहे. निकाल यायचा आहे. पण त्यांच्याबरोबरच्या चौघींनी त्याच आठवड्यात आपापलं पासबुक तपासलं.

म्हणून सांगते, पगाराची पावती मागा आणि जपून ठेवा. महिन्यातून एकदा पासबुक बघा. आणि कामाला लागण्याआधी आपल्या कामाचं किमान वेतन किती ते विचारून घ्या. सरकार ते कामाच्या प्रकारानुसार आणि भागानुसार ठरवतं.

घरकाम करणाऱ्या ताईंना पीएफ-ईएसआय मिळत नाही, पण त्यांच्यासाठी २००८ च्या कायद्यानं महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. तिथं नाव नोंदवा. कामाच्या ठिकाणी कुणी लैंगिक त्रास दिला तर २०१३ चा कायदा घरकाम करणारीलाही लागू आहे; तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. असंघटित कामगार म्हणून ई-श्रम कार्डही काढून ठेवा.

सावध राहा

विमानतळावर, दवाखान्यात, कुठंही ‘लावून देतो, आधी पैसे भरा’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. मूळ कागदपत्रं कुणाच्या ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या आणि त्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते लिहा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाही म्हणजे नाही.

शिक्षण कमी असेल तर?

दहावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. मुक्त विद्यालयाचाही मार्ग आहे. लिहाय-वाचायला शिकायचं असेल तर ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आहे. जन शिक्षण संस्थानात १५ ते ४५ वयाच्या निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेल्यांसाठी कामाचे वर्ग असतात. स्वतःचा धंदा करायचा असेल तर आरसेटीचं मोफत प्रशिक्षण आहे. आणि ज्यांना काम येतं पण कागद नाही, त्यांच्यासाठी कौशल्य विकास योजनेत ‘पूर्वीच्या कौशल्याला मान्यता’ हा प्रकार आहे. त्यात हातातलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देतात.

सगळ्यांनी नोकरीच करावी असं मी म्हणत नाही. भाकऱ्यांच्या ऑर्डर घेणाऱ्या ताईलाही हीच तयारी लागते: ओळख करून देणं, भाव ठरवताना स्वतःची मजुरी धरणं, वेळेत पोचवणं.

पुढच्या बैठकीत करून बघा (अर्धा तास)

१. बचत जमा झाल्यावर जोड्या करा. दिवसाचा कागद भरा.
२. प्रत्येकीनं ‘मला येतं’ अशी तीन कामं सांगायची. एखादी अडली तर बाकीच्यांनी तिची कामं सांगायची.
३. चार वाक्यांची ओळख एकमेकींना करून द्या.
४. कामाला जाणाऱ्या ताईंनी पुढच्या वेळी पगाराची पावती आणायची, सगळ्यांनी मिळून हिशोब करायचा.
५. इतिवृत्तात लिहा: कुणाला कुठलं काम हवं, कुणाचा कुठला कागद अडलाय.

ही यादी प्रभागातल्या बैठकीत आणा. दहा जणींचा गट झाला की आपण वर्ग ठरवू. वेळ तुम्ही सांगा.

आणि त्या पहिल्या ताईंचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. त्या एका कॅन्टीनमध्ये मुलाखतीला गेल्या. चार वाक्यं बोलल्या. काम मिळत होतं, पण त्यांनी शिफ्ट विचारली तेव्हा कळलं की रात्री नऊला सुटायचं. त्या ‘जमणार नाही’ म्हणून परत आल्या. मला वाटलं, खचतील. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाल्या, “काम मला मिळत होतं. मीच नाही म्हटलं.” महिन्याभरानं त्यांना एका शाळेच्या स्वयंपाकघरात सकाळचं काम मिळालं. सामानाची वहीपण आता त्याच लिहितात.